नावावर होईपर्यंत

मामांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडून ते गुडघ्यावर बसले आणि सीट बेल्टची पट्टी दोन्ही हातांनी खेचत पार शेवटपर्यंत बाहेर काढली. वरची पट्टी काळीभोर, धुतलेली. शेवटच्या वीतभर भागावर मात्र मातकट पिवळी रेघ होती. मामांनी ती नखानं खरवडली तेव्हा नखात बारीक गाळ आला.

"पंचगंगा," मामा म्हणाले आणि दरवाजा लावून टाकला.

गाडी बाहेरून देखणी होती. पांढरी हॅचबॅक, २०१८ चं एमएच ०९ पासिंग, आत नवी सीट कव्हरं, डॅशबोर्डवर गणपती आणि लिंबाच्या वासाचं अत्तर. अत्तर जरा जास्तच. मालक मागत होता तीन लाख चाळीस हजार. ज्यांच्यासाठी आम्ही ती बघायला आलो होतो ते गारगोटीकडचं जोडपं थोडं मागे उभं होतं. बाई झेडपीच्या शाळेत शिक्षिका, नवरा सहकारी संस्थेत कारकून. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापूरला आणावं लागतं. जाताना वडापची जीप मिळते, येताना थकलेल्या माणसाला स्टँडवर ताटकळत बसवायचं जिवावर येतं. आरडी मोडून, भिशी उचलून आणि उसाच्या बिलातले थोडे घालून चार लाख जमले होते. आयुष्यातली पहिली गाडी.

या जोडप्याबरोबर आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या मिस्त्रींबरोबर मी चार रविवार फिरलो. त्यांना सगळे मामाच म्हणतात. तीस वर्षं गाड्या उघडण्यात गेली आहेत आणि ओळखीच्या माणसाला गाडी बघून द्यायचे ते पैसे घेत नाहीत. जुनी गाडी घेताना माणसं फसतात ती इंजिनात, असं मला वाटायचं. चार रविवारांनंतर वाटतं, फसवणूक बहुतेक वेळा गाडीच्या मागच्या आयुष्यात लपलेली असते आणि पुढे कागदात.

पुराच्या गाडीचंच घ्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ च्या वर. त्या दोन्ही पुरांत सखल भागांतल्या पार्किंगमध्ये गाड्या जागच्या जागी बुडाल्या. २०१९ ला सांगलीत तेच, २०२१ ला चिपळुणात तेच. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा भंगार म्हणून विकला जातो. त्यातल्या काही गाड्या सुट्या भागांसाठी फुटतात. काही मात्र धुऊन, पुसून, नवं कापड चढवून पुन्हा रस्त्यावर येतात. शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यात, जिथं पुराची आठवण नसते.

"धुवायचं तेवढं धुत्यात," मामा म्हणाले. "बेल्ट आत गुंडाळलेला असतोय. तिथं कोण हात घालतंय?"

मग त्यांनी बाईंना बोलावून एकेक जागा दाखवली. मला हे फार आवडलं. गाडी बघणं ही पुरुषांची गोष्ट, असं धरून बायकांना बाजूला उभं करायची आपल्याकडे वाईट सवय आहे. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबायचा: ओलसर किंवा कडक झालेला असला तर समजायचं. सीटच्या रुळांचे बोल्ट तांबूस गंजलेत का? स्टेपनी काढून तिच्या खोबणीत पाहायचं. हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेघ दिसते का? फ्यूज बॉक्समध्ये तांब्यावर हिरवट थर आहे का? एसी लावून पहिल्या मिनिटाला येणारा वास घ्यायचा, अत्तराच्या आतला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा बऱ्याच गाड्यांत दोन सीटच्या मधे, अगदी खाली, फरशीला लागून असतो. गुडघाभर पाण्यातही तो बुडतो. गाडी चालते, एसी चालतो, गाणी वाजतात. एअरबॅग मात्र धडकेच्या क्षणी उघडेल की नाही, कोणी सांगू शकत नाही.

पुराची आणखी एक खूण कागदावर सापडते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. विक्रेत्याकडे जुन्या विमा पॉलिसींच्या प्रती मागायच्या. विम्याचा दावा केला नाही तर दरवर्षी नो क्लेम बोनस वाढत जातो: २० टक्के, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. चढत आलेला बोनस एखाद्या वर्षी एकदम शून्यावर आलेला दिसला, तर त्याच्या आदल्या वर्षी काहीतरी घडलेलं असतं. या पांढऱ्या गाडीच्या मालकानं जुन्या पॉलिसी हरवल्याचं सांगितलं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलं गृहपाठाची वही हरवली म्हणतात तसंच."

दुसऱ्या रविवारची गाडी चंदेरी, मीटरवर ३१ हजार किलोमीटर. मालक सांगत होता, घरचीच गाडी, फक्त लग्नकार्याला बाहेर निघते. मामा टायरपाशी बसले. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३२३, म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. चारही टायरांवर २०२३. गाडी २०१८ ची. साधारण वापरात कंपनीचे टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर आरामात जातात. मग एकतीस हजार चाललेल्या गाडीला चारही टायर इतक्या लवकर का बदलावे लागले? मालकानं उत्तर दिलं, "खराब झाले होते." असतीलही. पण क्लचच्या पेडलवरचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं, गिअरच्या दांड्यावरचे आकडे पुसले होते आणि ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड बसली होती. डिजिटल मीटर मागे घेणं ही आता काही मिनिटांची गोष्ट आहे. एक वायर जोडायची, आकडा टाकायचा. पेडलचं रबर कोणी मागे घेऊ शकत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. गाडी ज्या कंपनीची आहे त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला घेऊन जायचं आणि सर्व्हिसची नोंद मागायची. प्रत्येक वेळी किती किलोमीटरवर गाडी आली, कुठला पत्रा बदलला, हे तिथं लिहिलेलं असतं. मालक तयार झाला तर निम्मं काम झालं. या मालकाला त्या दिवशी वेळ नव्हता.

मामा गाडी बघायला नेहमी सकाळी जातात आणि आदल्या दिवशी फोन करून सांगतात, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवतात. गरम लागलं तर विचारतात. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, यावर बरंच कळतं. एक्झॉस्टमधून सतत निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसला आणि ऑइलची डिपस्टिक दुधाळ, चहासारखी दिसली तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. तिथून हात जोडून निघायचं. नंतर दरवाजाचं रबर हातभर ओढून आतली कड पाहायची. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर ठराविक अंतरावर गोल ठिपक्यांचं वेल्डिंग असतं. ते ठिपके नसले किंवा त्यांच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली तर तो भाग कापून बसवलेला आहे. दरवाजा, बंपर, बॉनेट बदलल्याचं फारसं मनाला लावून घेऊ नये, रस्त्यावरच्या गाडीला एवढं होतंच. पिलर आणि चेसिसला धक्का लागलेला असेल तर मात्र फुकट मिळाली तरी ती गाडी घरी नको.

चालवून बघायला मामा पन्हाळ्याच्या रस्त्याला नेतात. वाघबीळच्या पुढचा चढ, एसी चालू, गाडीत चार माणसं. रेस वाढते आणि गाडी तेवढी उचलत नाही तर क्लच प्लेट संपलेली आहे. चढून वर गेल्यावर तापमानाचा काटा कुठं आहे? उतरताना ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते का? खड्ड्यातून जाताना पुढून खट्खट् आवाज येतो का? गावातल्या सपाट गल्लीत दोन चकरा मारून यातलं काहीही कळत नाही. विक्रेते तेवढ्याच दोन चकरांचा आग्रह धरतात.

तिसऱ्या रविवारी कारकून साहेबांचा धीर सुटला. "मामा, नवीच घेऊ या का? कर्ज काढू."

प्रश्न रास्त होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा, म्हणजे १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आत असलेल्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला; वरचा एक टक्का सेसही गेला. शोरूममध्ये सात लाखांना असलेली गाडी त्या हिशेबानं साठ हजारांच्या आसपास उतरते. मग नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरायला हवी. पण त्या रविवारी बघितलेल्या गाडीच्या मालकानं आपलं २०२२ चं बिल काढून दाखवलं आणि त्यावरून टक्के वजा करत बसला. त्याचं बिल हा त्याचा भूतकाळ. तुम्ही सौदा करताना त्याच मॉडेलची आजची शोरूमची किंमत समोर ठेवा आणि तिथून खाली या. विम्याच्या हिशेबात सरसकट घसारा ठरलेला आहे: चौथं वर्ष संपताना ४० टक्के, पाचवं संपताना ५०. बाजार तंतोतंत तसा चालत नाही, पण बोलणी सुरू करायला हा आकडा हाताशी असावा.

नवी गाडी घ्यायचीच असेल तर ऑन रोड किमतीचा कागद ओळीओळीनं वाचा. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर लागतो. सहा लाखांवर ६६ हजार. हा चुकत नाही. विमा मात्र शोरूममधूनच घेतला पाहिजे असं कुठंही नाही. बाहेर दोन ठिकाणी दर विचारा आणि तो कागद शोरूमला दाखवा. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली तर ती सरकारची नाही, सरळ नको म्हणा. कोटिंग, ॲक्सेसरीजचा संच, वाढीव वॉरंटी, यातलं प्रत्येक ऐच्छिक आहे. आणि दसऱ्याला, पाडव्याला गाडी घरी न्यायची असेल तर ती चार दिवस आधी, पासिंग होण्यापूर्वी, उजेडात जाऊन बघा. चेसिस नंबर टिपून घ्या, उत्पादनाचा महिना विचारा, टायरांवरचे आकडे वाचा. सणाच्या सकाळी रांगेत वीस गाड्या हार घालून उभ्या असतात, तेव्हा कोणी कोणाला नीट काही दाखवत नाही.

साहेब हिशेबाला बसले. गारगोटी ते कोल्हापूर जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, आठवड्यातून दोनदा. वर्षाला दहा हजारांवर किलोमीटर. नवी घेतली तर हप्ता महिन्याच्या पगाराला भिडत होता, आणि घरात आजारी माणूस असताना हातात रोकड लागते. मला विचारलंत तर अशा घरानं कर्ज टाळून जुनीच चांगली गाडी घ्यावी. बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी आम्हा तिघा पुरुषांच्या डोक्यात आली नव्हती: "बाबांना खाली वाकून बसता येत नाही. सीट उंच पाहिजे." त्या दिवसापासून यादीतल्या निम्म्या गाड्या कमी झाल्या.

त्याच रविवारी एका एजंटानं स्वस्तातली डिझेल गाडी दाखवली, दिल्ली पासिंगची. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश आल्यापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर, पुन्हा नोंदणी, नवा नंबर हे सगळं खरेदीदाराच्या गळ्यात येतं. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नोंदणी इथं करावीच लागते. कोल्हापूरला बेळगाव-चिकोडी शेजारी असल्यानं केए २२, केए २३ च्या गाड्याही भरपूर फिरतात. त्यांनाही हेच लागू. स्वस्ताईत हा सगळा खर्च आणि हेलपाटे मिळवा, मग ठरवा.

आता कागदाकडे येतो, कारण हा लेख मी ज्यासाठी लिहायला घेतला ते इथं आहे.

माझ्या काकांनी २००९ साली त्यांची मारुती ८०० एका एजंटाला विकली. रोख पैसे मिळाले, काकांनी टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, सह्या करून दिल्या. खरेदीदाराचं नाव, तारीख, सगळं कोरं. एजंट म्हणाला, "गिऱ्हाईक मिळालं की नाव टाकतो." काकांनी विश्वास ठेवला. २०१४ साली पोस्टमन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घेऊन आला. गाडी मधल्या काळात तीन हातांतून गेली होती, कोणीही नावावर करून घेतली नव्हती, विमा संपलेला होता आणि एका माणसाचा पाय गेला होता. सरकारी नोंदीत मालक म्हणून काकांचंच नाव होतं. एजंटाचा नंबर लागत नव्हता. निवृत्तीनंतरची दोन वर्षं काकांनी तारखांना जाण्यात घालवली. ते फार बोलत नसत, पण रात्री उठून जुन्या कागदांची पिशवी उपसत बसायचे. ती पिशवी अजून काकूंकडे आहे.

सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्वच्छ सांगितलं. त्यातली गाडीही एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली होती. निकाल असा की नोंदवहीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीनं मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा फॉर्म ३०. यालाच आपण टीटी फॉर्म म्हणतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख लिहूनच सही करा, त्याच्या आधारची प्रत घ्या, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीनं करा. रात्री नऊला गाडी गेली आणि साडेनऊला सिग्नल तोडला, तर ती वेळच तुमचा पुरावा.

डीलरमार्फत विकत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून चांगली सोय झाली आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९ सी पोर्टलवर भरला की तिची जबाबदारी त्याच्यावर जाते. डीलरला पहिला प्रश्न हाच विचारा: अधिकारपत्र आहे का? माझे काका तेव्हा हे विचारू शकले नाहीत, कारण तेव्हा असं काही नव्हतं. आता आहे, तर विचारलंच पाहिजे.

घेणाऱ्यानं बयाणा देण्याआधी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकावा. मालक कितवा, विमा कधीपर्यंत, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, पूर्वी टॅक्सी होती का, हे तिथून कळायला मदत होते. ई-चलनं वेगळी तपासावीत. थकलेला दंड शेवटी सौद्यात भांडण लावतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दोन्ही हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 'पुढच्या आठवड्यात देतो' यावर गाडी घेऊन गेलेली माणसं मी वर्षभर खेटे घालताना पाहिली आहेत. सीएनजी असेल तर आरसीवर नोंद आहे का आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, एवढं पाहा.

विम्याचं एक सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. गाडी विकली की दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानं नव्या मालकाकडे जातो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप येत नाही. १४ दिवसांत अर्ज करून तो नावावर करून घ्यावा लागतो. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. तेवढ्या फरकाचे पैसे भरावे लागतात.

चौथ्या रविवारी गाडी मिळाली. निवृत्त माणसाची, राखाडी, उंच सीटची, २०१९ ची, ४६ हजार चाललेली. सर्व्हिसची सगळी बिलं त्यांनी एका फायलीत तारखेनुसार लावून ठेवली होती. उजव्या बाजूचा मागचा दरवाजा रंगवलेला होता. मामांनी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, नातवानं गेटला घासली. मामा वाघबिळापर्यंत चालवून आले आणि उतरताना पहिल्यांदाच म्हणाले, "घ्या." सौदा ३ लाख ८५ हजारांवर ठरला. त्यातले २० हजार नाव लागेपर्यंत थांबवायचे, असं आजोबांनी स्वतःहून सुचवलं. "माझ्या डोक्यावरनंही ओझं उतरू दे," ते म्हणाले.

कागद मात्र तिथंच झाले. ओट्यावर बसून फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलनं घासून घेतलेला छाप. बाईंनी प्रत्येक रकाना स्वतः वाचला आणि सहीच्या जागी बोट ठेवून नवऱ्याला सही करायला लावली. मग जोतिबाला जाऊन नारळ फोडून ते तिथूनच उद्यमनगरात आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

मामांनी पेढा घेतला नाही. हात पुसत म्हणाले, "बाई, नाव लागू दे. मग आणा."

पाच आठवड्यांनी मला बाईंचा फोन आला. पोस्टातून आरसीचं स्मार्ट कार्ड आलं होतं, वर त्यांच्या नवऱ्याचं नाव. उरलेले वीस हजार त्यांनी आजोबांना त्याच दिवशी नेऊन दिले होते. आता दवाखान्यातून परत निघाल्या होत्या, सासरे मागच्या सीटवर झोपले होते, आणि गाडी उद्यमनगराकडे वळली होती. मामांचं गॅरेज रविवार सोडून इतर दिवशी संध्याकाळी कितीपर्यंत उघडं असतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.